ठिपकीची दुपारची फेरी

एका टेकडीच्या पायथ्याशी, करवंदीच्या दाट जाळीत, रानातले उबवणीघर होते. बदके, तितर, लाव्हे आपापली अंडी तिथे ठेवून जात आणि दहा-बारा कोंबड्या ती उबवून देत. सगळा कारभार एका म्हाताऱ्या लांडोरीकडे होता. कोंबड्यांमध्ये एक होती तांबडी. सकाळी अंड्यांवर बसली की संध्याकाळची पाळी येईपर्यंत ती जागची हलत नसे. चोच पुरेल तेवढेच दाणे टिपायची आणि तहान तशीच मारायची. लांडोर इतरांना म्हणायची, "कामाला बसावं तर हिच्यासारखं." दुसरी होती ठिपक्यांची, म्हणून तिचे नाव ठिपकी. ती दुपारच्या उन्हात आपली अंडी वाळक्या पानांनी झाकायची आणि पंख फडफडवत टेकडीवरच्या खडकापर्यंत जाऊन यायची. तिला सगळ्याजणी भटकभवानी म्हणत. ती तांबडीलाही बोलवायची, पण तांबडीचे उत्तर ठरलेले असे, "मला कामं आहेत, बाई."

मुलांनो, कामसू असणे चांगलेच, पण तांबडीने त्याचा कहर केला होता. दोन महिने तिच्या छातीत धडधडत होते. चार पावले चढली तरी दम लागायचा. कोणी विचारले की म्हणायची, "पित्त झालं असेल. एवढी पिल्लं बाहेर पडू देत, मग बघू." ती बाहेर पडेपर्यंत नवी अंडी येत, आणि बघायचे राहूनच जाई. एके दुपारी तहान सोसवेना म्हणून ती ओढ्यावर गेली. परतताना चढावर तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोसळली.

खडकावरून उतरणाऱ्या ठिपकीने ते पाहिले. तिने चोचीतून पाणी आणून तांबडीला पाजले, पंखांनी वारा घातला आणि लांडोरीला हाक मारली. शुद्धीवर येताच तांबडी पुटपुटली, "अंडी गार पडतील."

"अंड्यांवर मी बसते," लांडोर म्हणाली. "चूक माझी आहे. बसून राहणं म्हणजेच काम, असं मी समजत होते. तुझं काळीज थकलंय, हे मला दिसलंच नाही."

आठ दिवस तांबडीने नुसती विश्रांती घेतली. मग ठिपकी तिला रोज फिरायला नेऊ लागली. पहिल्या दिवशी जाळीच्या कडेपर्यंत, चार दिवसांनी ओढ्यापर्यंत. तांबडी दर दहा पावलांवर मागे वळून बघायची आणि ठिपकी गालातल्या गालात हसायची. इकडे लांडोरीने नवा नियम केला. दुपारी निम्म्या कोंबड्यांनी फिरून यायचे, बाकीच्यांनी शेजारणीची अंडी सांभाळायची, मग त्यांची पाळी. "काय फिरायचं ते घरी जाऊन फिरा," असे तिने कोणाला सांगितले नाही, कारण घरी प्रत्येकीची स्वतःची पिल्ले वाट बघत असत.

महिनाभराने बदकीण आपली सात पिल्ले न्यायला आली. सातही धडधाकट होती. "तांबडे, तुझे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली.

"माझे कसले? तुझी अंडी तर लांडोरबाईंनी उबवली," तांबडी म्हणाली. "आणि मी आज तुझ्याशी बोलते आहे ती या ठिपकीमुळे. हिला मी भटकभवानी म्हणायचे गं. हिने ते कधी मनात धरलं नाही."

"चल, फेरीची वेळ झाली," एवढेच ठिपकी म्हणाली. तांबडीने अंडी शेजारणीवर सोपवली आणि मागे वळून न बघता ती चढाला लागली.

तात्पर्य : आपल्या जागी कामाला दुसरे कोणीही बसू शकते, पण आपल्या काळजाला बदली मिळत नाही, म्हणून कामातून रोज थोडे उठावे, आणि जी आपल्याला उठवते तिचे उपकार जन्मभर मानावेत.