चिमीचं उत्तर

मागं कधीतरी एका गार खोलीत एक मोठा कॉम्प्युटर होता. लोक लांबून वेबसाइट उघडायचे आणि आतले छोटे प्रोग्रॅम, म्हणजे तिथल्या कामकरी बाया, त्यांना पानं नेऊन द्यायच्या. एक दिवस कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, नुसता तापला. कुणालाच पान मिळेना. पंखा गरगरत ओरडला, "अगं बायांनो, कोण खातंय याचं डोकं?"

शोधलं तर सगळ्यांत धाकटी चिमी निघाली. तिच्या हाताला काम काहीच नव्हतं. तिनं लांबच्या एका कॉम्प्युटरला निरोप धाडला होता, आणि क्षणाक्षणाला ती प्रोसेसरला विचारत होती, "आलं का उत्तर? आता आलं का?"

"हिला बंदच करा," बाकीच्या म्हणाल्या. "आमची कामं अडलीत."

"करा बंद," चिमी म्हणाली. "पण मग उत्तर आलं तर घ्यायचं कुणी?"

प्रोसेसर म्हणाला, "पोरी, सारखं विचारून ते लवकर येत नाही गं. तू झोप. आलं की मी उठवतो."

चिमी निरोप येतात त्या दाराकडे तोंड करून आडवी झाली. पंखा हळू झाला, पानं जाऊ लागली.

उत्तर अजून आलेलं नाही. पण दाराशी कुठलाही निरोप आला, की प्रोसेसर आधी त्यावर चिमीचं नाव आहे का बघतो.