जिवंत असून बसलेला

“…तेवढंच सांगा वस्ताद, यंदा उतरवू का वर्षभर बसवून ठेवू?”

सयाजी सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर वस्ताद बाजेवर मांडी घालून शेंगा फोडत होते. एक फोडायची, दाणे वाटीत टाकायचे, टरफल फुंकरीनं उडवायचं. उत्तराचं नाव नाही.

“बस की,” वस्ताद म्हणाले.

“बसायला वेळ कुठाय? उद्या संघ जाहीर करायचाय.”

तालुक्याच्या कॉलेजात सयाजी सर खेळाचे सर. कबड्डीचा पहिला दम त्यांनी धरला तो ह्याच चिंचेखालच्या मैदानात, ह्याच वस्तादांच्या हाताखाली. आता गळ्यात शिट्टी आली, अंगात ट्रॅकसूट आला. पण अडलं की फटफटी अजून इकडंच वळते. माहेरवाशिणीसारखं आहे ते.

आज मागच्या सीटवर एक पोरगा होता. आदिनाथ मदने. अकरावी-बारावी गावाकडं झालेली, कॉलेजचं हे पहिलंच वर्ष. वेताच्या छडीसारखा अंगानं, आणि चढाईला गेला की वीज. सराव सुरू झाल्यापासून कॉलेजात त्याला कुणी धरलेलं नव्हतं. शाळेतही नव्हतं म्हणे.

“मला आजवर कुणी पकडलेलं न्हाई,” त्यानं नमस्काराच्या आधी हे सांगितलं.

वस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. चार दाणे त्याच्या हातावर ठेवले.

“बरं,” म्हणाले.

सरांची अडचण साधी नव्हती. समोरच्या संघांत तेवीस-चोवीस वर्षांचे बाप्ये. मानेला मान लागली तर खांबाला लागल्यासारखं वाटावं असे. गेल्या साली शेजारच्या कॉलेजनं असाच एक कोवळा गडी उतरवला, तो खांदा गळ्यात बांधून घरी गेला आणि परत मैदानात आलाच नाही. म्हणजे शहाणपण सांगायचं, वर्षभर नुसता सराव करू दे, हाडं भरू देत.

पण नदीपलीकडच्या कॉलेजनं आदिनाथला निरोप धाडला होता. ये, पहिल्या सामन्यापासून खेळवतो. आणि आदिनाथनं तो निरोप सरांना तोंडावर ऐकवला होता. बसवलंत तर मी निघालो.

आणि तिसरी गोष्ट सर कुणाला सांगत नसत. कॉलेजच्या काचेच्या कपाटात मधल्या फळीवर त्यांनी एका चषकाची जागा मोकळी ठेवली होती. शिपाई तिथं डस्टर ठेवायचा. सर रोज ते उचलून खाली ठेवायचे.

“काय सांगताय मग?” सरांनी चौथ्यांदा विचारलं.

“गावातली मंडळी आता खेळाया येत्याल,” वस्ताद म्हणाले. “ह्यालाबी घ्या म्हणावं.”

आतून वस्तादांच्या बायकोचा, चाचीचा आवाज आला. “सयाजी, बसलास का? च्या टाकलाय.”

“आत्ता बसतो, चाची.”

नाही बसले.

मंडळी आली. मंडळी म्हणजे काय, दिवसभराची कामं उरकून आलेले गडी. किराणा दुकानाचे बबनशेठ, पोट आधी येतं मग ते येतात. पांडू टेलर, पन्नाशीचा, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि गळ्यात अजून मापाची पट्टी. बाकीचे असेच. आदिनाथनं त्यांच्याकडं पाहिलं, मग सरांकडं पाहिलं आणि ओठ दाबून हसू गिळलं.

आदिनाथ बबनशेठच्या बाजूला आला. समोर पांडू टेलर. पंच वस्ताद, बाजेवरूनच.

सरांनी मोबाइल काढला. प्राचार्यांना दाखवायला पोराची चढाई टिपायची होती. ते थेट मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहिले.

“सर, जरा बाजूला व्हा,” मागून कुणीतरी म्हणालं. “आमाला दिसंना.”

सर वीतभर सरकले.

“कबड्डी कबड्डी कबड्डी…”

आदिनाथ गेला. आता खोटं कशाला बोला, बघण्यासारखं होतं. डावीकडं झुकला, उजवीकडं निघाला, एकाच्या खांद्याला बोट, दुसऱ्याच्या गुडघ्याला पाय. दोघं गार. परत वळला, मधली रेषा दोन हातांवर राहिली. दम चालूच होता.

आणि तिथं तो थांबला.

मोबाइलकडं तोंड केलं. दोन्ही हात वर केले. कॉलेजातही तो असंच करायचा, आणि सर म्हणायचे, हां, असाच थांब, आलास फोटोत.

मागं पांडू टेलर झेप हुकून जमिनीवर पालथा पडला होता. तो पडल्या पडल्याच पुढं सरकला आणि त्यानं पोराचा घोटा धरला.

टेलरची बोटं ती. धरलेलं कापड सुटत नाही.

आदिनाथनं हिसडा दिला. एकदा, दोनदा. तोवर बाकीचे अंगावर आले. दम संपला.

“मेला,” वस्ताद म्हणाले. शेंग फोडली.

आदिनाथ उठला. माती झाडली. आणि जागच्या जागी उभा राहिला.

“अरे, जा की,” बबनशेठ म्हणाले.

“कुठं?”

सगळेच हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण ह्या पोराला खरंच माहीत नव्हतं. कधी बाद झालाच नव्हता तर बसायची जागा कुठली माहीत असणार?

“त्या मागच्या रेघंच्या मागं बस,” बबनशेठनी दाखवलं. “मेलेली तितं बसत्यात. आपल्यातल्या कुणी गुण आणला की तू जित्ता. मग उठून यायचं.”

आदिनाथ जाऊन बसला. मैदानाकडं पाठ करून. बुटाची नाडी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. कान लाल.

इकडं सर वस्तादांशी भांडत होते.

“वस्ताद, पांडूमामानं झोपून पाय धरला. हे कुठल्या नियमात बसतं?”

“बसतंय.”

“तो पडलेला होता.”

“पडलेला हुता. मेलेला न्हवता.”

“पण पोरगा गुण घेऊन परत आला होता…”

“आला न्हवता. येत हुता.”

सर बोलतच राहिले. घोटा, गुडघा, मॅट, माती, नवे नियम, जुने नियम. बोलताना त्यांची पाठ मैदानाकडं होती.

तेवढ्यात बबनशेठ चढाईला गेले. पळणं त्यांच्या अंगातच नाही. आपले दुकानातून गल्ल्याकडं जावं तसे गेले, पायाचा अंगठा हळूच लांब केला आणि एकाला लावून आले.

वस्तादांनी एक बोट वर केलं. गुण.

म्हणजे आदिनाथ जिवंत.

आदिनाथ नाडी बांधत होता.

बबनशेठ हाक मारायला वळले. वस्तादांनी वर केलेलं बोट तसंच ओठांवर आणून ठेवलं. बबनशेठनी उघडलेलं तोंड मिटलं.

खेळ चालू राहिला. एका बाजूला एक गडी कमी. आणखी एक गडी गेला. मग आणखी एक. आदिनाथ रेघेमागं, नाडीत गुंतलेला. सर बाजेसमोर, नियमांत गुंतलेले.

चाची चहाची किटली घेऊन बाहेर आली. मघाचं वर गेलेलं बोट तिनं दारातून पाहिलं होतं, आणि आता मैदानाच्या मागून येताना तिला पोरगा दिसला.

“का रं पोरा,” ती म्हणाली, “तू जित्ता असून मेल्यांत का बसलायंस?”

हशा झाला. पांडू टेलर तर खाली बसून हसला.

आदिनाथ दचकून उठला. “मी… कधी?”

सरही वळले. “हा कधी उठला? म्हणजे… गुण कधी मिळाला?”

“तू बोलत हुतास तवा,” वस्ताद म्हणाले.

सरांनी मोबाइल खिशात ठेवला.

चाचीनं त्यांच्या हातात कप दिला. “बस आन् पी.”

त्यांनी उभ्यानंच प्यायला.

आदिनाथ मैदानात आला तो दात खाऊन. पांडू टेलर चढाईला येताच त्यानं कुणाची वाट पाहिली नाही, एकट्यानंच झेप घेतली. पांडू टेलरनं खांदा तिरपा केला, निसटला आणि आपल्या रेघेपलीकडं जाऊन उभा राहिला.

“मेला,” वस्ताद म्हणाले.

ह्या वेळी आदिनाथला जागा माहीत होती.

तो जाऊन बसला. पाठ करून बसणार होता… मग चाची दिसली, किटली घेऊन उभी. त्यानं तोंड मैदानाकडं केलं.

आधी नुसताच बसला. मग हनुवटी गुडघ्यावर ठेवली. मग हळूहळू पुढं झुकला. बैलगाडीत पुढं बसलेलं पोर झुकतं तसा.

सर त्याच्याकडं बघत होते. हा काय बघतोय, ते त्यांना कळेना.

बबनशेठ दम घ्यायला मागं आले तेव्हा आदिनाथ हळूच म्हणाला, “शेठ, पांडूमामा झेप घ्यायच्या आधी चड्डी वर ओढत्यात.”

“आँ?”

“दरखेपी. दोनी हातांनी. तवा हात मोकळं नसत्यात त्यांचं.”

बबनशेठनी पोराकडं पाहिलं, पांडूकडं पाहिलं आणि मिशीत हसत निघाले.

“कबड्डी कबड्डी…”

गेले. पांडूसमोर जाऊन नुसते उभे राहिले. डुलले. वाट बघितली. पांडू टेलरनं गुडघे वाकवले, आणि सवयीनं दोन्ही हात कमरेला गेले.

बबनशेठनी त्याच्या पोटाला बोट लावलं आणि चालत परत आले.

वस्तादांचं बोट वर जायच्या आधीच आदिनाथ उठून मैदानात आला होता. मांडीवर थाप मारत, तोंडभर हसत.

“हे कुणी सांगितलं रं शेठ?” पांडू टेलर ओरडला. “ईस वर्सात माझ्या बायकुलाबी कळलं न्हाई.”

“तिला ठावं हाय,” चाची म्हणाली. “तिनंच मला सांगितलंय.”

अंधारायच्या आधी खेळ संपला. आदिनाथची बाजू हरली. दोन गुण कमी पडले, आणि ते कधी गेले हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मंडळी चहाला टेकली. आदिनाथ पांडू टेलरच्या शेजारी मातीत बसला होता. पांडू त्याला स्वतःच्या घोट्यावर बोटं कशी गुंफायची ते दाखवत होता. मापाची पट्टी दोघांच्या मध्ये लोंबत होती.

सर पुन्हा बाजेसमोर आले.

“वस्ताद, जायचंय मला. खेळवू का नको?”

“त्याला इचार.”

“त्याला काय विचारायचं? तो म्हणणार, खेळवा.”

“इचार तर.”

सरांनी हाक मारली. आदिनाथ आला. कपाळाला माती, शर्टाला माती. मघाशी फटफटीवर बसलेला पोरगा हाच का, असं वाटावं.

“आदिनाथ, उद्या संघ जाहीर करायचाय.”

“व्हय सर.” त्यानं बुटाच्या टोकानं जमिनीवर एक रेघ ओढली. “सर… यंदा मी मागं बसतो.”

सरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

“आणि नदीपलीकडचं कॉलेज? पहिल्या सामन्यापासून खेळवतो म्हणालेत ना ते?”

“म्हणूनच न्हाई जायचं. तितं बसाया कोण देतंय?”

“अरे, पण तूच म्हणाला होतास…”

“आजवर मला परत यायची रेघच तेवढी दिसायची, सर.” तो लाजला. “आज चड्डी दिसली.”

पांडू टेलरनं तिकडून दाद दिली. पोरगा हसत पुन्हा त्याच्याकडं पळाला.

सर उभे राहिले. त्यांना बरं वाटलं. खांदा वाचला पोराचा. पोरगा कुठं जातही नाही. पण कपाटाची मधली फळी…

“वस्ताद,” ते हळू आवाजात म्हणाले, “हा नाही म्हणजे यंदा आम्ही मेलोच.”

वस्तादांनी शेवटची शेंग फोडली.

“प्राचार्य काय म्हणतील? सहा वर्षं झाली…”

वस्तादांनी टरफल फुंकरीनं उडवलं.

“काहीतरी बोला की.”

मैदानात आदिनाथनं पांडू टेलरचा घोटा धरला होता आणि पांडू एका पायावर उड्या मारत सगळ्या गावाला हाका मारत होता. चाची किटली सांभाळत बाजूला पळाली. सर वळून बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे.

वस्ताद बाजेवर एका अंगाला सरकले. मोकळ्या झालेल्या जागेवरची टरफलं हातानं झाडली.

“ये सयाजी,” ते म्हणाले. “हितनं झ्याक दिसतंय.”