तांबड्या मुंग्यांची साखळी

पूर्वी शाल्मली नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या, म्हणजे व्यापारी तांड्याच्या नायकाच्या, घरी जन्मला होता. वयात आल्यावर तो व्यापाऱ्यांच्या गाड्यांचा तांडा घेऊन देशोदेशी जाऊ लागला. त्याच्या तांड्यात सुबाहू नावाचा एक गाडीवान होता. अंगाने दांडगा, कष्टाला मागे न हटणारा; पण मनात धरलेली गोष्ट सोडायची नाही, असा त्याचा स्वभाव.

एका वर्षी मोठ्या बाजारासाठी दोन तांडे निघाले. पुढे पिंगल नावाच्या व्यापाऱ्याचा, मागे बोधिसत्त्वाचा. वाटेतल्या माळरानावर एकच विहीर होती. पिंगलाने आपले बैल पाजून घेतले आणि मागच्यांना उशीर व्हावा म्हणून विहिरीत माती लोटली. त्या तहानेने सुबाहूचा बैल वाटेतच कोसळला. त्याचे डोके मांडीवर घेऊन सुबाहू बराच वेळ बसून राहिला. तेव्हापासून पिंगलाचे नाव निघाले की त्याच्या मुठी वळत. ही गोष्ट वाटसरूंकडून पिंगलाच्याही कानावर गेली होती.

पुढे नदी लागली. पिंगलाने घाईने गाड्या पात्रात घातल्या आणि डोंगराकडून अचानक लोंढा आला. गाड्या वाहून गेल्या. माणसे कशीबशी मधल्या वाळूच्या उंचवट्यावर चढली. बोधिसत्त्वाचा तांडा काठावर पोचला तेव्हा तो उंचवटा कडेकडेने ढासळत होता आणि त्यावरची बायकामुले हाका मारीत होती.

दोर फेकून पाहिला, तो पोचेना. पाणी छातीभर होते, पण एकट्या माणसाचे पाय टिकत नव्हते.

तांड्यातले व्यापारी म्हणाले, "सार्थवाह, काठाने वर गेलो तर नावा मिळतील. आज निघालो तर बाजारात आपणच पहिले."

बोधिसत्त्व काठावरच्या आंब्याखाली उभा होता. तिथे तांबड्या मुंग्या पानांचे घरटे बांधीत होत्या. दोन पानांमधले अंतर एका मुंगीच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून एकीने दुसरीची कंबर धरली होती, दुसरीने तिसरीची, आणि ती साखळी पलीकडचे पान हळूहळू ओढून आणीत होती. मधली एक निसटली की सगळ्या लोंबकळत. मग त्या पुन्हा जुळत आणि पुन्हा ओढू लागत.

"आपण असेच जाऊ," बोधिसत्त्व म्हणाला. "एकमेकांच्या कंबरा धरायच्या. पुढे मी."

सुबाहू जागचा हलला नाही. "सार्थवाह, या मुंग्या एका घरट्याच्या आहेत. दुसऱ्या घरट्याची मुंगी इथे आली तर तिचे तुकडे करतील. पिंगल आपला कोण?"

"खरे आहे तुझे," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला. "मुंगीला वासावरून आपले-परके कळते. त्यापलीकडे तिला जाता येत नाही. माणसाला येते. धरायचे कसे ते तिच्याकडून घेऊ, कुणाला धरायचे ते आपण ठरवू. तुझ्याएवढे बळ इथे कुणात नाही. येतोस?"

सुबाहूने पागोटे उतरवून ठेवले आणि बोधिसत्त्वाची कंबर धरली.

त्याच्यामागे बाकीचे गाडीवान जुळले आणि साखळी पाण्यात उतरली. उंचवट्यावरची माणसे एकेका खांद्याला धरून काठाला येऊ लागली. आधी मुले आली, मग बायका, मग गडी. शेवटी एकटा पिंगल उरला. तेवढ्यात वाहत आलेला ओंडका बोधिसत्त्वाच्या खांद्यावर आदळला. त्याचा उजवा हात लुळा पडला.

"सुबाहू, आता पुढे तू हो," तो म्हणाला.

सुबाहू पुढे सरकला. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर पिंगल होता. त्याने सुबाहूला ओळखले आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

"तुझाच ना तो बैल?" तो पुटपुटला.

क्षणभर सुबाहूच्या डोळ्यांपुढे ते माळरान आले. मागे कंबरेवरची पकड त्याला जाणवत होती. तो थांबला असता तर सगळेच थांबले असते.

"बैलाचे मागाहून बोलू. आधी हात दे!" तो ओरडला आणि त्याने पिंगलाचे मनगट पकडले. पिंगलाचे पाय सुटले त्याच क्षणी उंचवटा खचला.

काठावर पिंगल त्याच्या पाया पडायला वाकला. सुबाहूने त्याला मधेच धरून उभे केले. बैल गेला तेव्हा न आलेले रडू त्याला आता आले.

तांडा उशिरा पोचला. बाजार उठून गेला होता. काही व्यापारी धुसफुसले. बोधिसत्त्व त्यांना एवढेच म्हणाला, "बाजार पुन्हा भरेल. ही माणसे पुन्हा मिळाली नसती."

एका पंक्तीला बसायला तयार नसलेल्या दोन भिक्षूंना शास्त्याने, म्हणजे त्यांच्या गुरूने, ही कथा सांगितली आणि तिचा मेळ घातला: तेव्हाचा पिंगल म्हणजे आजचा भिक्षू कपिल, तेव्हाचा सुबाहू म्हणजे भिक्षू सोणक, आणि तो सार्थवाह म्हणजे मीच. तिथे जी पूर्ण झाली ती मैत्री पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला मैत्रीचा गुण. परक्याला धरून ठेवण्याचे बळ ते हेच.