नांदणखारचं बिनलादीचं देऊळ

चपला इथेच काढा. हो, चर्चच आहे हे. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती त्याला देऊळच म्हणतो, हसू नका. आत पाहिलंत? लादी नाही, नुसती काळी भुसभुशीत माती. दोनदा संगमरवर आला आणि दोनदा गावाने परत पाठवला. मी सांगते का ते, बसा पायरीवर.

इथे आधी आंजेलीनबायची केळीची वाडी होती, असे सांगतात. गावचे दहा बापये तेव्हा रंगूनच्या गोदीत कामाला. महायुद्धाचे दिवस. नाताळ दोन दिवसांवर आला असताना आभाळातून बॉम्ब पडले आणि नऊ जण जागीच गेले. आंजेलीनबायचा लेक बस्त्याव तेवढा वाचला. नऊ जणांना एकाच खड्ड्यात ठेवलं, तिथली माती त्याने एका डब्यात भरली आणि रानावनातून चालत निघाला. वाटेत म्हणे पांघरूण टाकलं, भांडी टाकली, पण डबा काही टाकला नाही.

इकडे नऊ जण गेल्याची तार येऊन महिने झाले होते. त्या नऊ जणांतल्या पेद्रूची बायको कोन्सू काळं लुगडं नेसायला तयार नव्हती. "हाताने माती दिल्याशिवाय माझा माणूस गेला म्हणणार नाही," म्हणायची. रोज त्याचं ताट वाढून ठेवायची. लोकांना वाटलं, हिला वेड लागलं.

बस्त्याव आला तो तापाने फणफणत. "आये, ही माती सांभाळ," एवढं बोलला आणि निपचित पडला. आता तुम्हीच सांगा, वाडीवाल्याचा लेक परमुलखातून माती आणतो ती कशाला? केळीलाच ना! आंजेलीनबायने ती मोठ्या हौसेने पाण्यात कालवली आणि पाटाने अख्ख्या वाडीला दिली. एकही केळ उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी नेलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा बस्त्यावने सगळं सांगितलं. बातमी गावभर झाली आणि सगळ्यांच्या आधी कोन्सू धावत आली. तिने दारात पांढरा रुमाल पसरला. पेद्रूच्या वाटची मूठभर माती मागायला आली होती ती. आंजेलीनबायने डबा उपडा करून दाखवला आणि ती कोन्सूच्या पायांवर पडली.

कोन्सूने रुमाल उचलला आणि ती वाडीत शिरली. पाटाच्या कडेने अनवाणी शेवटच्या केळीपर्यंत जाऊन आली.

"पाणी कुठवर गेलं, बाय?"

"सगळीकडे गेलं गो."

"मग तो सगळीकडे आहे."

त्या संध्याकाळी ती काळं नेसली आणि पहिल्यांदा पोटभर रडली. त्या वर्षी समुद्रावरून मोठा वारा आला, पण या वाडीतलं एकही पान फाटलं नाही म्हणे. आमच्याकडे केळीचं अख्खं पान वाऱ्यात टिकतं का कधी? पण पाहिलेली माणसं शपथेवर सांगायची. पानं हलत होती आणि आवाज होत नव्हता.

आंजेलीनबायचं पोट त्याच वाडीवर होतं, तरी तिने ती देवळाला देऊन टाकली. देऊळ उभं राहिलं, लादी घालायला मात्र कोणी धजावलं नाही. पहिल्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, आंजेलीनबाय आतच जाईना. "नऊ जणांना एकदा पाण्यात कालवलं, आता वर तुडवू का?" म्हणून याच पायरीवर बसून राहिली. तेव्हा कोन्सू भर मिस्सातून उठून बाहेर आली, हात धरून तिला आत घेऊन गेली आणि शेजारी बसवलं.

आजही नाताळच्या दोन दिवस आधी कोन्सूच्या घरातली बाई बाहेर येते आणि आंजेलीनबायच्या घरातल्या बाईला हात धरून आत नेते. तोवर पाद्री मिस्सा सुरू करत नाहीत. गेल्या साली कोन्सूच्या नातीची गाडी घाटात अडकली. दोन तास गाव अनवाणी खोळंबलं. ती धापा टाकत आली आणि तिने हात पुढे केला, तेव्हा मी उठले.

हो, आंजेलीनबाय माझी आजेसासू. एरवी दर रविवारी मी मिस्सा इथूनच ऐकते. तुम्ही जा आत, सावकाश बघून या. मी बसते इथे.