वरची जागा

“मग खोट कुठं आहे, ते तरी दाखवा अक्का.”

महांतेशने हेडफोन पुढं केला. आवाजात नम्रता होती. पण ती ओढूनताणून आणलेली.

गौराक्काने हेडफोन घेतला नाही. मठाच्या ओसरीवर ती वाती वळत बसली होती. रेकॉर्डिंग तिने सकाळीच ऐकलं होतं. डोळे मिटून, शेवटपर्यंत. आणि एवढंच म्हणाली होती, “हे कुणाला देऊ नकोस.”

ते महांतेशच्या जिव्हारी लागलं होतं. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकलेला, स्टुडिओत नाव कमावलेला हा शिष्य गडहिंग्लजला आला होता तो केवळ अक्कासाठी. डॉक्टरांनी तिला गाणं बंद करायला सांगितलं होतं. ‘एक-दोनदा गाते, मग गप्प,’ असा तिने त्यांच्याशी तह केला होता. यापुढे गावोगावच्या शिष्यांना अक्का ऐकू येणार होती ती महांतेशच्या रेकॉर्डिंगमधूनच.

“आवाज कुठं फाटलाय?”

“नाही.”

“खरखर आहे?”

“नाही.”

“मग?”

अक्काने हातातली वात खाली ठेवली.

“मी वर गेले की माझ्यासोबत आणखी कुणीतरी गातं. बारीक आवाजात… ती बाई कोण?”

महांतेशला हसू आलं. ती कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“बाई नाही अक्का. ही करामत या डबीची.”

त्याने कन्व्हर्टर उचलून दाखवला. माईकमधून आलेल्या आवाजाचे आकडे करणारी काळी डबी. आवाज जोराने चढून तिच्या मर्यादेपलीकडं गेला की ती त्याचा माथा सपाट कापते, आणि कानाला तो फाटका लागतो. तसं होऊ नये म्हणून तिला एक बटण असतं, सॉफ्ट लिमिट नावाचं. ते दाबलं की मर्यादा यायच्या आधीपासूनच डबी आवाजाचा माथा अलगद दाबायला लागते. कापत नाही, गोल करते. पण त्या दाबण्यापायी मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट उंचीचे स्वर आपोआप आत येऊन बसतात.

“मी न गायलेले,” अक्का म्हणाली.

“पण गोड लागतात ना! लोक याला ऊब म्हणतात.”

“लोक म्हणजे कोण?”

“आमचा सगळा धंदा.”

हे मात्र तो खरं बोलला. आवाज जितका ठासून भरलेला तितका चांगला, असं मानणाऱ्या त्या धंद्यात एवढ्याशा लबाडीला कुणी लबाडी म्हणत नाही. तिचं गोड नाव ठेवतात आणि तिचीच जाहिरात करतात.

अक्काने वात परत उचलली. महांतेशला वाटलं, जिंकलो. आणि जिंकलेला माणूस थांबत नाही. कोपऱ्यातल्या तानपुऱ्याकडं बोट दाखवून तो म्हणाला, “आणि याचं काय? घोडीवर तारेखाली दोरा सरकवता, तेव्हा कुठं तार झणकारते. तो झणकार तरी एकट्या तारेचा आहे का?”

“हे बरं काढलंस,” अक्का म्हणाली. तिला खरोखरच मजा वाटली होती.

तिने तानपुरा मांडीवर घेतला. तार छेडली. ओसरी भरून गेली.

मग तिने तारेखालचा दोरा ओढून काढला आणि पुन्हा छेडलं. तार सुरात होती, पण ओल्या लाकडावर टिचकी मारावी तशी मुकी.

अक्काने तो दोरा महांतेशच्या तळहातावर ठेवला.

“निघाला.”

“हो.”

“आता तुझ्या रेकॉर्डिंगमधून ती बाई काढून दाखव.”

“निघत नाही अक्का.”

“का रे?”

“ती… आत मुरली.”

अक्का पुन्हा वातीकडं वळली.

“बटण कशाला दाबलंस?”

“तुम्ही कधी वर जाल याचा नेम नसतो. भीती वाटली.”

“दुसरा उपाय नव्हता?”

खोटं बोलणं महांतेशला जमलं असतं. समोर अक्का नसती तर.

“होता. मुळात आवाजच कमी ठेवून घ्यायचा. वर मोकळी जागा सोडायची. पण मग रेकॉर्डिंग दुबळं वाटतं. पहिल्याच ऐकण्यात छाप पडत नाही.”

“कुणाची?”

महांतेशने लॅपटॉप उघडला. सकाळचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. अक्काने तसं सांगितलं नव्हतं.

बटण बंद केलं. आवाजाची पातळी इतकी खाली आणली की पुण्यातले सोबती पोट धरून हसले असते. अक्का वर गेली, आणखी वर गेली, तरी डोकं कुठं टेकू नये, एवढी जागा त्याने वर सोडली. अक्काने दोरा परत मागून घेतला, तारेखाली घातला, आणि कान लावून केसाएवढा मागं-पुढं सरकवत राहिली. मनासारखा झणकार लागल्यावर तिने मान हलवली.

ती गायली.

महांतेश गाण्याच्या शेवटी येणाऱ्या, वरच्या स्वरातल्या हाकेची वाट बघत होता. दरवेळी छप्पर उचलणारी ती हाक. पण आज ती आलीच नाही. सगळं गाणं अक्काने खालच्या स्वरातच गायलं, सावकाश, झोका घेत बसल्यासारखं.

दोघांनी मिळून ऐकलं. अक्का होती, तार होती. तिसरं कुणी नव्हतं.

“हे दे सगळ्यांना,” अक्का म्हणाली.

महांतेशला हायसं वाटलं. वायर गुंडाळता गुंडाळता तो गुणगुणूही लागला. पण एक गोष्ट मनात राहिलीच होती, आणि मनात ठेवून निघणाऱ्यांतला तो नव्हता.

“अक्का, आज तुम्ही वर गेलाच नाहीत. एवढी जागा सोडली होती मी तुमच्यासाठी. सगळी रिकामीच राहिली.”

गौराक्काने नवी वात वळायला घेतली.

“रिकामी कुठं होती? तिथंच तर गात होते मी.”