तीन बुके, दोन हात

“यातला कुठला, मास्तर? आता तरी सांगा.”

सेलीन हे तिसऱ्यांदा विचारत होती. इनास मास्तर कामिनीच्या फांदीची खालची पानं काढत बसले होते. हातातली फांदी संपल्याशिवाय मास्तर बोलत नसत, आणि ही फांदी बरीच लांब होती.

“मास्तर, उद्या दहाला लग्न आहे.”

“कुणाचं?”

“माझं.”

“हो का,” ते म्हणाले, आणि पुढचं पान काढलं.

सेलीनला हसूही आलं आणि रागही आला. सकाळपासून तिचं असंच चाललं होतं. घरी मांडव घातला होता, बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या पलीकडे ब्रास बँडची तालीम चालू होती, आई दर दहा मिनिटांनी फोन करून ‘हळदीला तरी येणार आहेस ना’ असं विचारत होती, आणि ही बया मास्तरांच्या पडवीत तीन बुके मांडून उभी होती. पाय तर जमिनीला टेकत नव्हते.

वसईच्या त्या पट्ट्यात नवरीचा बुके म्हटला की सेलीन तुस्कानोचं नाव निघे. सात वर्षांपूर्वी ती या पडवीत फुलं बांधायला शिकायला आली. मास्तरांनी चर्चची वेदी पन्नास वर्षं सजवलेली, हातात जादू, पण शिष्याचं कौतुक करायचं म्हटलं की जीभ जड. त्यांच्याकडे एकच शेरा होता. ‘चालेल.’ साधी जुडी बांधली, चालेल. बंगलोरहून ऑर्किड मागवून तीन रात्री खपून बांधलं, तरी चालेल. ‘सुरेख’ हा शब्द त्यांना येत होता. चिंबोरीच्या कालवणाला ते सुरेख म्हणत, सेलीनने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. फुलांना मात्र कधी नाही.

तो एक शब्द तिला उद्या चर्चमध्ये पाऊल टाकण्याआधी हवा होता. हे तिने होणाऱ्या नवऱ्याला, आल्विनलाही सांगितलं नव्हतं, म्हणजे बघा.

फांदी संपली. मास्तरांनी विळी बाजूला ठेवली.

“दाखव.”

सेलीनने पहिला उचलला.

“हा धबधबा. वरून पांढरी ऑर्किडं, मधे सोनचाफा, खाली शतावरीची शेपटी. बरोबर तीन फूट. गाऊनच्या घेरावर असा पडतो. फोटोत हाच उठून दिसेल.”

मास्तर बघत राहिले.

“सोनचाफा तारेवर चढवलास?”

“प्रत्येक फूल. अठ्ठेचाळीस आहेत. एकालाही बोट लागू दिलं नाही, काळं पडतं म्हणून.”

“हं.”

“आणि हा गोल. नुसता मोगरा, एकाला एक चिकटून. वजन आहे थोडं, पण आत हिरवं दिसतच नाही, बघा. असा अख्ख्या वसईत कुणी बांधत नाही.”

“खरं आहे. कुणी बांधत नाही.”

हे कौतुक की टोमणा, ते तिला कळलं नाही. तिने तिसरा हातावर आडवा घेतला.

“आणि ही निशिगंधाची मोळी. कोपरावर टेकवून धरायची. जुनी पद्धत आहे, पण भारदस्त दिसते. आई म्हणते, हीच घे.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी म्हणते, धबधबा.” ती थांबली. “पण तुम्ही सांगाल तो.”

“मी सांगेन तो?”

“हो.”

“मग सात वर्षं काय शिकलीस?”

...

सेलीनचा चेहरा लाल झाला. दुसरी कुणी असती तर रडली असती. सेलीन रडणाऱ्यातली नव्हती, ती हिशेब सांगणाऱ्यातली होती.

“दोनशे अकरा नवरीमुलींचे बुके बांधलेत मी, मास्तर. दोनशे अकरा. एकीचाही चर्चमध्ये सुटला नाही.”

“चर्चमध्ये सुटला नाही हे तुला कसं कळलं?”

“म्हणजे?”

“तू तिथं होतीस?”

सेलीनने मोळी बाकावर ठेवली.

ती तिथं कधीच नव्हती. नवरी गाडीतून उतरली की चर्चच्या दारात तिच्या हातात बुके द्यायचा, झालर सारखी करायची, आणि स्कूटीला किक मारून हॉल गाठायचा. तिकडे स्टेजची कमान उघडीबोडकी वाट बघत असे. सख्ख्या बहिणीच्या, डोरीनच्या लग्नातसुद्धा चर्चमध्ये मिस्सा, लग्नाची प्रार्थना चालू असताना सेलीन हॉलमध्ये शिडीवर होती. घरातले अजून ते बोलून दाखवतात.

“किती बांधलेस?” मास्तरांनी विचारलं.

“दोनशे अकरा.”

“आणि लग्नं किती पाहिलीस?”

...

पलीकडे ट्रंपेटवाला एकाच सुरावर पुन्हा पुन्हा अडखळत होता.

“लहानपणी पाहिलीत,” सेलीन म्हणाली. आवाज जरा खाली आला होता.

मास्तर खुर्चीचा हात धरून उठले. गुडघे कुरकुरले. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. सेलीनने एव्हाना धबधबा पुन्हा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, नवरीने धरावा तसा. मनाशी तिचं ठरलंच होतं.

मास्तरांनी आपला उजवा हात पुढे केला.

“हात दे.”

सेलीनने बुके डाव्या हातात घेतला. तीन फुटांची शेपटी कलंडली. तिने ती मांडीने अडवली आणि कसाबसा उजवा हात त्यांच्या हातात दिला.

“ही शपथ झाली,” मास्तर म्हणाले. “आता अंगठी. डावा दे.”

“बुके आहे ना डाव्यात.”

“मग?”

“मग... करवलीकडे द्यायचा.”

“करवली कोण?”

“डोरीन. पण तिच्या हातात तिचा बुके असणार. आणि माझ्या डोक्यावरचा वेल, तो जाळीचा पदर, तीच सावरणार.”

“मग खाली ठेव.”

सेलीनने इकडे तिकडे पाहिलं. टेबलावर तारेची भेंडोळी, कात्री, पानांचा ढीग. बाकावर मोगरा आणि निशिगंध. उरलेल्या जागेत फुलांची बादली. कुठे एक वीतभर जागा नव्हती. आणि जागा असती तरी ही शेपटी ठेवायची कशी? उभी ठेवली तर मोडणार, आडवी ठेवली तर चाफा दबणार. तो कुठेच ठेवता येत नव्हता. फक्त धरता येत होता.

मास्तरांचा हात तसाच पुढे होता. म्हाताऱ्या माणसाचा हात, पण खाली येत नव्हता.

“मास्तर, चाफा काळा पडेल.”

मास्तरांनी बोटं हलवली, दे म्हणून.

“पहाटे चारपासून बांधलाय.”

हात तसाच.

शेवटी सेलीन वाकली. ओल्या गोणपाटावर तिने धबधबा आडवा ठेवला. शेपटी दुमडली. चाफ्याच्या दोन-तीन पाकळ्यांवर लगेच तपकिरी डाग उमटला. मग ती उभी राहिली आणि तिने दोन्ही हात त्यांच्या हातात दिले.

मास्तरांनी ते उलटे केले. सुलटे केले. बोटांवर तारेचे बारीक ओरखडे होते, नखांच्या कडा चिकाने हिरव्या झालेल्या, अंगठ्यावर सात वर्षांचा घट्टा.

सेलीनला एकदम लाज वाटली. आल्विन एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आठ दिवस तिने त्याच्या मागे लागून त्याचे हात लिंबाने घासून घेतले होते, लग्नात ग्रीस दिसायला नको म्हणून. स्वतःच्या हातांकडे बघायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. का यावं? ते बुकेमागे झाकलेले राहणार होते.

“उद्या फादर शपथ देतील,” मास्तर म्हणाले. “तेव्हा आल्विन काय धरणार?”

...

बँडवाल्यांनी एकदाचं ते अवघड वळण पार केलं, आणि सगळी वाद्यं एकदम उसळली.

सेलीनच्या अंगावर सर्रकन काटा आला. आठवडाभर ती गाऊन, गाडी, कमान, फोटो यांत गुरफटली होती. लग्न उद्या आहे हे तिला ठाऊक होतं. पण तिचा हात कुणीतरी हातात घेणार आहे, सगळ्या गावासमोर, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा समजलं. तिला इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते सुचेना. ती तोंडावर हात घेऊन हसत सुटली.

“हसायला काय झालं?” मास्तर म्हणाले.

“काही नाही. माझं लग्न आहे.”

“मघाशी तूच सांगितलंस, पण तुझं तुलाच ऐकू आलं नाही वाटतं.”

ती बादलीकडे धावली. मोळीची सुतळी तिने दातानेच तोडली आणि निशिगंधाचे दांडे मोकळे केले. पंधरा निवडले. वाडीतले चार पांढरे गुलाब घेतले, कामिनीची मास्तरांनी साफ केलेली फांदी घेतली. तार घेतली नाही. एक दांडा बोटांत धरला, दुसरा त्यावर तिरका, तिसरा त्याच अंगाने तिरका, आणि मूठ फिरवत गेली. सगळे दांडे एकाच दिशेला कलते. या पडवीतला तो पहिला धडा होता. शिकायला आलेली मुलगी आठ दिवसांत तो गिरवते आणि पुढे ढुंकून बघत नाही. सेलीननेही सहा वर्षांत तसा एकही बांधला नव्हता. नवशिक्यांचं काम म्हणून.

दोन फेरे सुतळी, एक गाठ. दांडे खालून सरळ छाटले.

सगळं मिळून दहा मिनिटं लागली नसतील.

टेबलावरची पानं तिने कोपराने सारली. बुके दांड्यांवर उभा केला. क्षणभर बोटं तशीच ठेवली, आणि मग काढून घेतली.

बुके हलला नाही. दांडे खाली पसरून टेकले होते, आणि तो आपल्या पायांवर उभा होता. कुणी धरलं नव्हतं, कशाला टेकला नव्हता.

सेलीन एक पाऊल मागे सरली. तिचे हात दोन्ही बाजूंना मोकळे लोंबत होते, ओले, हिरवे, ओरखडलेले. ते कुठे ठेवावेत हेही तिला कळत नव्हतं, पण या वेळी तिने ते लपवले नाहीत. ‘चालेल’ म्हणाले तरी आज चालेल, असं तिने स्वतःला बजावलं, आणि ते खोटं आहे हेही तिला ठाऊक होतं.

मास्तर पुन्हा खुर्चीत टेकले.

“सुरेख,” ते म्हणाले.

सेलीनने श्वास सोडला. मग तिच्या ध्यानात आलं. मास्तरांची नजर टेबलाकडे नव्हतीच.

“मास्तर,” ती म्हणाली, “बुके इकडं आहे.”

“असू दे. मी नवरी बघतोय.”