पंख्याच्या पात्यांवरचं नाव

हे कोणाला सांगू नकोस, असं खाटेने बजावलं होतं, तरी सांगते.

फार वर्षांपूर्वी शहरातल्या प्रसूतिगृहाला देवस्थळी कुटुंबाच्या संस्थेने पंखा आणि खाट दिली. दोघांवर तांबड्या अक्षरांत देवस्थळींचं नाव होतं. फिरताना पात्यांवरचं नाव कोणाला वाचता येत नाही, हे कळताच पंखा हट्टाने थांबला. खाली उकाड्याने तान्हं बाळ कळवळून रडू लागलं.

"अहो पंखेराव, फिरा की!" खाट म्हणाली.

"आणि मालकांचं नाव कोण वाचणार?"

"माझ्यावरचं नाव गादीखाली झाकलंय. म्हणून मी काय बाळंतिणीला उठवू?"

पंखा वरमला आणि हळूहळू फिरू लागला. बाळ झोपलं. त्याच्या आईने वर पाहून हात जोडले. ती म्हणाली, "ज्यांनी कोणी हा पंखा दिला, त्यांच्या घरची लेकरंही अशीच शांत..."

थांबा हं, माझी आई हाक मारतेय, बाकीचं नंतर. आले गं आई, आले!